रंगवलेली एकच भिंत

रंगारी कोणत्याही घरात शिरला की प्रथम माणसांना नमस्कार करीत नसे. प्रथम भिंतीला हात लावीत असे. तोही तळहात नव्हे, हाताची उलटी बाजू. तळहाताला कामाने घट्टे पडले होते आणि त्याला ओल कळत नसे. उलट्या हाताची कातडी मात्र पातळ राहिली होती आणि ती आपल्याशी खोटे बोलणार नाही अशी त्याची खात्री होती. घरातली माणसे खोटे बोलतात, ही खात्री तर त्याहूनही जुनी होती.

या खात्रीला कारण होते. नवी घरे रंगवणारे रंगारी वेगळे आणि विकायला काढलेली घरे रंगवणारे वेगळे. हा दुसऱ्या प्रकारातला होता. घरमालक त्याला बोलावून घेत, दार लोटून घेत आणि आवाज खाली आणून म्हणत, “एवढं जरा दिसेनासं करून द्या.” मग तो भेगा बुजवी, बुरशी खरवडून काढी, न्हाणीघरामागची फुगलेली भिंत आरशासारखी गुळगुळीत करी. पुढे त्या घरात येणारे कुटुंब “किती स्वच्छ घर आहे हो!” असे म्हणून हरखून जाई. रंगारी स्वतः कधी कोणाशी खोटे बोलला नव्हता. त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. परंतु उभे आयुष्य हे काम केल्यामुळे त्याच्या मनाने एक गोष्ट कायमची धरली होती. जिथे रंग ताजा दिसेल तिथे काहीतरी शिजले आहे, असेच तो समजून चाले.

या कामाचा एक नियम त्याने स्वतःच घालून घेतला होता आणि हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाकडून तो वदवून घेतला होता. एका घरात काय झाकले, ते दुसऱ्या घरात बोलायचे नाही. कोणी विचारले तरी नाही आणि जवळच्या नातलगाने विचारले तर मुळीच नाही. हा नियम पुढे आपल्याच गळ्याशी येईल, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हते.

इतकी घरे रंगवूनही त्याला स्वतःचे घर नव्हते. लग्न झाल्यापासून नवरा-बायको भाड्याच्या खोल्यांतून राहिले. सध्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करी. दिवसभर उभे राहून तिचे गुडघे इतके धरत, की संध्याकाळी जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबून कठड्याशी भांडत असे. त्यातच घरमालकाने निरोप पाठवला, की मुलाचे बिऱ्हाड वेगळे करायचे आहे, तरी खोली रिकामी करावी. दोघांनी जपून शिल्लक टाकली होती. कर्ज देणाऱ्यांनीही मान डोलावली होती. अडचण पैशाची नव्हती. अडचण रंगाऱ्याची होती.

दोन वर्षे ते घरे पाहत होते आणि दोन वर्षे रंगारी ती नाकारत होता. एका घरात त्याला पडदे नवे दिसले, म्हणजे खिडकीची चौकट कुजलेली असणार. एका घरात मालकीणबाईंनी न मागता सरबत दिले, म्हणजे नक्कीच शेजार वाईट असणार. एका मालकाने मागितलेली किंमत पहिल्याच बैठकीत कमी केली. तिथून तर रंगारी बायकोचा हात धरून जवळजवळ पळतच बाहेर आला. “एवढ्या लवकर उतरला? घर उद्या पडणार आहे, लिहून ठेव!” ते घर पुढे एका शिक्षकाने घेतले आणि ते अजून उभे आहे. बायको त्या बाजूने जाताना मुद्दाम त्याला ते दाखवी.

किमतीविषयी दोघांची एक वेगळीच भाषा होती. रंग मिसळताना रंगारी नेहमी शंभर भाग धरी. घराचा खरा आकडा तोंडाने उच्चारला की दोघांच्याही छातीत धस्स होई. म्हणून मालक जे मागेल त्याला शंभर म्हणायचे आणि आपण त्यातले किती भाग द्यायचे तेवढेच बोलायचे, असे त्यांनी ठरवले होते. आजवर हे बोलणे कधी सत्तरच्या वर गेले नव्हते.

एके दिवशी बायको धुलाईघरातून आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, “एक घर आहे. तळमजला. बस आगाराच्या मागच्या गल्लीत. हे शेवटचं बघायला येते मी. हेही नको म्हणालात, तर मी पुन्हा कुठं पाऊल टाकणार नाही. मरेपर्यंत लोकांचे जिने चढेन, पण तुमच्यामागे भिंती चाचपत फिरणार नाही.”

“कुणी सांगितलं हे घर?”

“कामावर कळलं,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. ती एरवी इतके थोडक्यात बोलत नसे. रंगाऱ्याच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

घर एका निवृत्त शिवणशिक्षिकेचे होते. सगळी गल्ली तिला शिवणबाई म्हणे. बाई उंच, हाडकुळी आणि ताठ होती. नोकरी संपली तरी मापाची फीत अजून गळ्यात होती आणि बोलताना ती फीत बोटाला गुंडाळीत असे. तिला दूरच्या गावी धाकट्या बहिणीकडे कायमचे राहायला जायचे होते. तिने सरबत दिले नाही, हसलीही नाही. “बघा काय बघायचं ते,” एवढेच म्हणाली आणि खुर्चीवर बसून राहिली. रंगाऱ्याला हे बरे वाटले.

आत गेल्यावर त्याला आणखी बरे वाटले. घराला कित्येक वर्षांत रंगच लागलेला नव्हता. भिंती जुन्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. काढलेल्या तसबिरींच्या जागी फिकट चौकोन होते. चुलीच्या वर धुराचे वर्तुळ होते आणि खुर्चीमागे कोणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग होता. रंगाऱ्याने उलटा हात स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फिरवला. भिंती कोरड्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच एक विकाऊ घर त्याच्यासमोर पावडर न लावता उभे होते. तो बायकोच्या कानाशी लागला आणि पुटपुटला, “पंच्याऐंशी.”

बायकोने त्याच्याकडे पाहिले. “नव्वद म्हणा. बाई सरळ दिसते.”

“बघू.” रंगाऱ्याच्या तोंडून ‘बघू’ निघणे म्हणजे अर्धा होकार होता, आणि बायकोने मनातल्या मनात भांडीसुद्धा मांडून टाकली.

त्यानंतर ते आतल्या खोलीत गेले.

त्या खोलीच्या तीन भिंती इतर घरासारख्याच मळकट होत्या. चौथी भिंत पांढरी होती. तिच्यावर ताजा, सपाट, स्वच्छ रंग होता. छतापासून जमिनीपर्यंत ती एकटीच अशी चमकत होती, जशी फाटक्या सदऱ्याला लावलेली नवी कोरी बाही.

रंगारी दारातच थबकला. अख्ख्या घराला रंग नाही आणि या एका भिंतीला आहे! त्याने तिला हात लावला. कोरडी. त्याने बोटाने टकटक केली. भरीव. याने त्याचे समाधान होण्याऐवजी संशय दुणावला, कारण भिंत अशीच लागावी यासाठी काय काय करतात हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. मग त्याची नजर वर गेली. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथली रंगाची रेघ कोणीतरी उजवीकडून डावीकडे ओढली होती, आणि कोपऱ्यात ब्रश उचलताना एक बारीक शेपूट वर वळवले होते. अशी रेघ डावखुरा माणूस ओढतो. असे शेपूट या शहरात एकच डावखुरा माणूस वळवतो. त्याला ते वळवू नकोस असे रंगाऱ्याने वर्षानुवर्षे बजावले होते.

तो माणूस म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

रस्त्यावर आल्याबरोबर रंगाऱ्याने बायकोला उभे केले. “खरं सांग. हे घर कुणी सांगितलं?”

तिने पदर सारखा केला, लांब जाणाऱ्या बसकडे पाहिले आणि शेवटी म्हणाली, “भावाने.”

“वा! म्हणजे घरातच कट!”

“कट कसला मेला? तुमच्या समोर त्याचं नाव काढायची सोय आहे का? तीन वर्षं त्याचं तोंड बघत नाही तुम्ही. नाव सांगितलं असतं तर घर बघायला आला असतात?”

हे खरे होते. मेहुणा रंगाऱ्याच्याच हाताखाली शिकला आणि पुढे त्याचा भागीदार झाला. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या इमारतीचे काम हातचे गेले. दुसऱ्या कंत्राटदाराने त्यांच्यापेक्षा थोडासाच कमी दर लावला होता. आपले दर बाहेर फुटले, असे रंगाऱ्याने धरले. ते मेहुण्यानेच फोडले, असेही त्याने धरले. मेहुणा म्हणाला, “भावोजी, मी नाही सांगितलं.” रंगाऱ्याने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. त्या दिवसापासून दोघांचे काम वेगळे आणि बोलणे बंद.

आता सगळे त्याच्या डोळ्यांसमोर एका ओळीत उभे राहिले. मेहुण्याने त्या भिंतीतले काहीतरी झाकले. मग बहिणीला गाठून घर सांगितले. बाईकडून त्याला काहीतरी मिळणार असणार, नाहीतर तो कशाला एवढी काळजी करील? आणि शिवाय जुना राग. “कुठेतरी पाणी मुरतंय,” तो वाटभर म्हणत राहिला, आणि बायको वाटभर म्हणत राहिली, “भिंतीत नाही, तुमच्या डोक्यात मुरतंय.”

दुसऱ्या दिवशी तो मेहुण्याला शोधत गेला. शाळेला सुटी होती आणि मेहुणा तिथल्या जिन्यात शिडीवर उभा राहून छत रंगवीत होता. खाली कोण आले ते पाहून त्याने ब्रश डब्याच्या काठावर ठेवला, पण शिडीवरून उतरला नाही.

“या भावोजी. वाट चुकलात?”

“शिवणबाईच्या घरात आतली भिंत तू रंगवलीस.”

“रंगवली असेल.”

“शेपूट वळवलंयस अजून.”

“तुम्ही नाही का अजून लोकांच्या भिंती चाचपत? ज्याची त्याची खोड.”

रंगाऱ्याने गिळलेला राग पुन्हा गिळला. “काय आहे त्या भिंतीत?”

मेहुणा शिडीवरून थोडा खाली वाकला. मग तो हळू आवाजात म्हणाला, “एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही. कुणी शिकवलं मला?”

“मी तुझ्या बहिणीसाठी विचारतोय.”

“जवळच्या माणसाने विचारलं तर मुळीच नाही. हेही तुम्हीच शिकवलंत. आणि समजा सांगितलं, भावोजी. समजा म्हटलं, की त्या भिंतीत काही नाही. तुम्ही विश्वास ठेवाल? मागे एकदा सांगितलं होतं मी एक, ठेवलात?”

मेहुण्याने ब्रश उचलला आणि पाठ फिरवली. खाली उभ्या असलेल्या रंगाऱ्याच्या खांद्यावर रंगाचा एक थेंब पडला. तो मुद्दाम पाडला की चुकून पडला, यावर रंगाऱ्याने घरी जाईपर्यंत विचार केला.

घरी गेल्यावर आकड्याचा वाद झाला. बायको नव्वदवरून हलेना. रंगारी म्हणाला, “तोंडात मूग गिळून बसला तुझा भाऊ. काही नसतं तर ‘काही नाही’ म्हणायला त्याचं काय जात होतं? भिंत पाडून बांधायला लागली तर? पाया खचला असेल तर? साठ. त्याच्यावर एक भागही नाही.”

“साठ म्हणजे बाईच्या तोंडावर मारल्यासारखं आहे.”

“असू दे. खरी असेल तर रागावेल. लबाड असेल तर घासाघीस करील. तेव्हा कळेलच.”

बायकोने इस्त्रीचे फडके झटकले आणि म्हणाली, “म्हणजे रागावली तर घर चांगलं, पण आपल्याला मिळणार नाही, आणि घासाघीस केली तर मिळेल, पण घर वाईट. शाबास! याच्यापेक्षा मी भिंतीशी लग्न केलं असतं.”

तरीही रंगारी गेला आणि त्याने साठ भागांचा आकडा सांगितला. शिवणबाई रागावली नाही आणि तिने घासाघीसही केली नाही. तिने गळ्यातली फीत काढली, व्यवस्थित गुंडाळली आणि टेबलावर ठेवली.

“कारण?”

“कारण असं काही नाही. घर जुनं आहे.”

“ते मीही आहे. एका दुकानदाराने तुमच्याहून बरंच जास्त सांगितलंय. पण त्याला इथं गोदाम करायचंय, आणि मला माझं घर पोत्यांना द्यायचं नाही. म्हणून रविवारपर्यंत थांबते. नीट आकडा सांगा, नाहीतर कारण सांगा.”

रविवार आला. बायको सकाळीच तयार होऊन दारात उभी राहिली. “मीही येणार. तुम्ही काय बोलायचं ते बोला, मी मात्र नव्वद बोलणार.” रंगाऱ्याने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्याने खरवडायची पट्टी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली. माणसे बोलत नसतील तर भिंतीलाच बोलते करावे, असा त्याचा बेत होता.

शिवणबाईकडे पोचल्यावर तो म्हणाला, “खोलीचं माप घ्यायचं राहिलं होतं.” बाईने फीत पुढे केली. ती घेऊन तो आत गेला. बायको बाईजवळ बसली. पाहुणा मापासाठी आला आहे म्हणून या वेळी बाईने चहा ठेवला, आणि बायकांचे बोलणे सुरू झाले, गुडघ्यांचे, जिन्याचे आणि बहिणीच्या गावचे.

आत रंगाऱ्याने फीत जमिनीवर टाकली, गुडघे टेकले आणि दाराआड, सहज दिसणार नाही अशा जागी पट्टी टेकवली. ताजा रंग पापुद्र्यासारखा निघाला. त्याखाली इतर घरासारखाच जुना चहाचा रंग निघाला. त्याखाली गिलावा लागला. तो सुका, टणक आणि एकसंध होता. भेग नाही, बुरशी नाही, भराव नाही. त्याने तळहाताएवढी जागा उघडी केली, मग दोन तळहातांएवढी. खाली पांढऱ्या भुकटीची रास साचली. काही नव्हते! आणि काहीच नाही म्हटल्यावर त्याला घाम फुटला. ज्या भिंतीत झाकण्यासारखे काही नाही, ती झाकली कशासाठी?

“माप झालं का?”

शिवणबाई दारात उभी होती आणि तिच्या मागे बायको. रंगारी भुकटीत गुडघे टेकून बसलेला, हातात पट्टी, भुवयांपर्यंत पांढरा. बायकोने कपाळाला हात लावला.

“काय शोधताय?” बाईने विचारले.

“ओल,” रंगारी म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“सापडली?”

“नाही.”

“मग साठ कशासाठी?”

तेव्हा बायको पुढे झाली. रंगाऱ्याला ज्या एका प्रश्नासाठी शाळेच्या जिन्यात जावे लागले, आकड्याचा घोळ घालावा लागला आणि दुसऱ्याची भिंत खरवडावी लागली, तो प्रश्न तिने सरळ विचारून टाकला. “बाई, ही एकच भिंत का रंगवलीत हो तुम्ही?”

“अहो, मी सगळं घर रंगवायला काढलं होतं!” शिवणबाई म्हणाली. “विकायचं म्हणून. एक डावखुरा रंगारी लावला. पैसेही आधीच दिले. त्याने ही भिंत केली आणि मग मला म्हणाला, ‘बाई, राहू द्या. मी एक गिऱ्हाईक पाठवतो. त्याला घर हवंय, पण रंगवलेलं घर दाखवलंत तर तो दारातून मागे फिरेल. आहे तसं दाखवा, त्याला हात लावू द्या.’ उरलेल्या कामाचे पैसे परत देऊन गेला. मी म्हटलं, असा कोण वेडा रंगारी, की हातचं काम सोडतो? म्हणाला, माझं नाव तेवढं काढू नका. ते मी काढलेलं नाही. मला ते माहीतच नाही.”

बाहेर आगारात कोणती तरी बस सुरू होत नव्हती आणि चालक तिला पुन्हा पुन्हा खाकरायला लावीत होता. रंगाऱ्याने त्या भिंतीकडे पाहिले, मग वर त्या शेपटाकडे पाहिले. मेहुण्याने त्याच्यासाठी सगळे घर उघडे ठेवले होते आणि तो झाकलेल्या तेवढ्या एका भिंतीला टेकून बसला होता.

तो उठला, गुडघे झटकले आणि एका दमात म्हणाला, “शंभर.”

“काय शंभर?” बाईने विचारले.

“तुम्ही मागितले तेवढे. पूर्ण.”

बायकोने त्याच्याकडे असे पाहिले, की जणू हा माणूस तिने आजच पाहिला. परंतु खरा घोटाळा पुढेच झाला. शिवणबाईचे डोळे बारीक झाले.

“थांबा. परवा साठ. आज भिंत उकरलीत आणि लगेच पूर्ण?” ती रंगाऱ्याला बाजूला सारून त्या उघड्या जागेशी वाकली आणि तिने आत बोट घालून पाहिले. “काय सापडलं तुम्हाला?”

“अहो, काही नाही!”

“काही नाही म्हणून कोण पैसे वाढवतं? माझे वडील या खोलीत झोपायचे. पेन्शन घेऊन यायचे आणि कुठं ठेवायचे ते माझ्या आईलासुद्धा कधी कळलं नाही. आम्ही गाद्या उसवल्या, फरशी काढली. भिंत बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.”

“बाई, शपथ घेतो, आत विटा आहेत.”

“तुम्ही शपथ घ्या. मी कशी ठेवू विश्वास?”

हे शब्द रंगाऱ्याने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवले होते. ते स्वतःच्या कानावर आल्यावर किती जड लागतात ते त्याला त्या दिवशी कळले. बाईने दोघांना बाहेरच्या खोलीत आणले आणि निकाल दिला. “ज्याने ती भिंत रंगवली, त्याला माझ्यासमोर उभा करा. त्याने रंगवण्याआधी ती नीट पाहिली असेल. तो म्हणाला काही नाही, तर व्यवहार. नाहीतर मी आधी भिंत पाडून बघते आणि मग राहिलेलं त्या दुकानदाराला देते.”

रंगारी तसाच, भुकटीने माखलेला, शाळेकडे गेला. मेहुणा जिन्याच्या पायरीवर बसून चहा पीत होता. आज तो शिडीवर नव्हता, त्यामुळे रंगाऱ्याला त्याच्याकडे मान वर करून पाहावे लागले नाही, आणि नजर चुकवायलाही जागा राहिली नाही.

“भावोजी, कुठे लोळलात?”

“ती भिंत खरवडली.”

मेहुण्याने कप खाली ठेवला. “काय निघालं?”

“तुझं काही निघालं नाही. आता बाईला वाटतंय माझं काहीतरी निघालं.” मग त्याने सगळे सांगितले. सांगता सांगता मेहुण्याचे ओठ हलू लागले, आणि वडिलांच्या पेन्शनपाशी पोचल्यावर तो इतका हसला की जिना घुमला. रंगाऱ्याला हसू आले नाही. तो म्हणाला, “त्या नियमातून तुला मी सोडवतो. चल आणि सांग.”

मेहुण्याचे हसणे थांबले. “नियमातून सोडवलंत. दुसऱ्याचं काय?”

“दुसरं कुठलं?”

“माहीत आहे तुम्हाला.”

रंगारी पायरीवर बसला. त्याने दोन्ही हातांवरची भुकटी एकमेकांवर चोळली. नंतर तो म्हणाला, “दर तू फोडले नव्हतेस.”

“कशावरून म्हणता? कुणी सांगितलं? काही पुरावा मिळाला?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. मी तसं धरून चालतो.”

मेहुण्याने उरलेला चहा पायरीवरून खाली ओतला, हात पुसले आणि उठला. “चला. पण भावोजी, ते शेपूट मी वळवणार.”

“वळव.”

शिवणबाईसमोर मेहुण्याने कोणतीही शपथ घेतली नाही. तो एवढेच म्हणाला, “बाई, मी ती भिंत धुतली, घासली, चारही कोपरे ठोकून बघितले. आत पोकळ जागा असती, तर आवाज बदलला असता. तुमचे वडील हुशार असतील, पण ती भिंत त्यांच्याहून जुनी आहे.” बाईने स्वतः जाऊन चारही कोपरे ठोकून पाहिले. मग तिने बाकीच्या भिंतीही ठोकल्या. मग ती येऊन बसली, पुन्हा उठून एक कोपरा ठोकून आली, आणि फीत बोटाला गुंडाळत म्हणाली, “बरं. पण शंभर मी घेणार नाही. पूर्ण पैसे घेतले तर मला बहिणीकडे झोप लागायची नाही. यांनी काय बघितलं, हाच विचार. चहा पिताना तुमची बायको जो आकडा बोलली, तेवढाच द्या.”

तो आकडा शंभरातल्या नव्वद भागांचा होता. जे ती पहिल्या दिवशी बोलली होती तेच. तिने नवऱ्याकडे एकदाच पाहिले आणि काही म्हटले नाही. ते न म्हणणे तिने पुढे अनेक वर्षे पुरवून वापरले.

ते घर त्यांचे झाले. बायकोला आता जिना चढावा लागत नाही. दाराशी दोन पायऱ्या आहेत आणि त्यांच्याशी तिचे बरे चालले आहे. मेहुणा सुटीच्या दिवशी येतो. आल्यावर तो आतल्या खोलीत जातो, दाराआडची खरवडलेली जागा बघतो आणि म्हणतो, “भावोजी, निदान एवढं तरी बुजवू द्या. माझं काम आहे ते, लाज वाटते.” रंगारी म्हणतो, “राहू दे.” त्याने उरलेल्या घरालाही रंग लावला नाही. बाईंच्या तसबिरींचे फिकट चौकोन, खुर्चीमागचा तेलाचा डाग, सगळे आहे तसे आहे.

गल्लीत मात्र यावरून बोलणे होते. स्वतः रंगारी असून हा माणूस आपल्या घराला ब्रश लावीत नाही, याचा अर्थ काय? समोरचा घड्याळजी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, की त्या घरात नक्की काहीतरी आहे. एकदा तो काही निमित्ताने आत आला आणि जाता जाता त्याने कोणाचे लक्ष नाही असे पाहून भिंतीवर बोटाने टकटक केली. रंगाऱ्याने ते पाहिले. त्याने घड्याळजीचा हात धरला, पालथा केला, आणि त्याची उलटी बाजू भिंतीला टेकवून दिली.